पाठीमागचा आवाज

"मॅडम, तुमच्या पाठीमागे कसला तरी आवाज येतोय," पडद्यावरचा पार्थ म्हणाला, आणि माऊसवरचा सत्यशीलाचा हात जागीच थांबला. शर्टाला धागा चिकटलाय असं सांगावं इतक्या सहज तो बोलला होता. उद्याच्या ऑनलाइन परिषदेची ही तालीम होती. देशभरातले प्रोग्रामर आपापल्या घरात बसून एकमेकांची भाषणं ऐकणार होते, आणि दुपारच्या सत्रात कोपरगावहून सत्यशीला बोलणार होती. पार्थ पुण्यात बसून एकेका वक्त्याचा कॅमेरा, उजेड, माईक तपासत होता. पोरगा चांगला होता. घाई करत नव्हता, इंग्रजी अडलं की आपणहून मराठीत येत होता. "म्हणजे अधूनमधून येतोय. जवळ म्हैस वगैरे आहे का कुणाची?" त्याने विचारलं, तेही चेष्टेने नाही, माहिती म्हणून. सत्यशीला म्हणाली, "हो, बाजूला आहे काहीतरी." हे तिने म्हटलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला हेडफोनच्या आत जाणवलं. पार्थ म्हणाला, एक मिनिट, आणि त्याने तिला एक खूण करायला सांगितली. अमुक ठिकाणी जा, तिथे एक चौकोन आहे, त्यावर क्लिक करा, पाठीमागचे आवाज काढून टाका असं लिहिलंय बघा. तिने केलं. मग सुरुवातीची तीच चार वाक्यं पुन्हा बोलून दाखवली. पार्थने आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रेकॉर्डिंग तिला ऐकवली. दुसऱ्यात पंखा नव्हता, चिमण्या नव्हत्या, रस्त्यावरून उसाची ट्रॉली ओढत नेणारा ट्रॅक्टर नव्हता, आणि अण्णाही नव्हते. "जादू आहे ना?" पार्थ म्हणाला. "हो," ती म्हणाली.

तिचे वडील, अण्णा, मधल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाराचा पडदा सरकवलेला असल्यामुळे तिला त्यांचा डावा खांदा आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात दिसत होता. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा ते तो हात सांभाळत. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्यांना झटका आला. सकाळी ओट्याशी उभे राहून ते आईकडे चहा मागत होते आणि चहाच्या जागी काहीतरी वेगळंच तोंडातून येत होतं. आई हसली, तिला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनीच घाबरून ओट्याची कड धरली. तेव्हा सत्यशीला पुण्यात होती. बातमी कळल्यावर मिळेल त्या बसने निघाली ती थेट नाशिकच्या दवाखान्यात. चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कोपरगावातच राहिली. कंपनीने घरून काम करायला मुभा दिली. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं समजतं, फक्त बोलायचं केंद्र दुखावलंय, तुम्ही बोलत राहा. पाय बऱ्यापैकी सुधारला. बोलणं आलं नाही. एक आवाज तेवढा उरला. घशातून निघून नाकाशी अडकणारा, "ह्अं" असा काहीतरी. तो आला की आई आणि ती विचारू लागत. पाणी? चहा? संडासला जायचंय? पंखा कमी करू? कुठल्या तरी शब्दावर अण्णा मान हलवत आणि प्रश्न मिटे. कधी कधी तिला वाटे, ते पाण्याला हो म्हणत नाहीत, आमच्या विचारण्याला कंटाळून हो म्हणतात. पण हे वाटणं ती फार वेळ जवळ ठेवत नसे.

आणि हा माणूस एकेकाळी कोपरगावच्या एसटी स्टँडचा आवाज होता. वाहतूक नियंत्रक भीमराज. काचेच्या केबिनमध्ये बसून ते माईकचं बटण दाबत आणि सगळा स्टँड एका बाजूला कलल्यासारखा व्हायचा. येवलामार्गे मनमाडला जाणारी, शिर्डी-राहाता-कोल्हारमार्गे नगरला जाणारी, संवत्सर, दहिगाव, पोहेगाव. घरी ते 'हाय' आणि 'न्हाई' बोलत. माईकवर गेले की 'आहे' आणि 'कृपया'. पण आवाजातली माया दोन्हीकडे एकच. शाळा सुटली की सत्यशीला केबिनच्या मागच्या बाकावर दप्तर टाकून अभ्यास करायची, आणि तिला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या आवाजातून गावं जास्त पाठ झाली. एकदा वक्तृत्व स्पर्धेच्या आधी ती घाबरून रडत होती तेव्हा त्यांनी तिला माईकसमोर उभं केलं होतं, बटण न दाबता. "हज्जार लोकं हायती आसं समजूच नको," ते म्हणाले होते. "यकच मानूस हाय. त्या तिकडं, शेवटच्या बाकड्यावर, पिशवी मांडीवर घिऊन बसल्याली म्हातारी. तिची गाडी चुकली न्हाई पायजे. तिला कळलं का सगळ्यांला कळलं." सत्यशीलाने मान वर करून पाहिलं तर खरंच तिथे एक म्हातारी होती, आणि ती पाव खात होती.

हे भाषणही खरं तर अण्णांमुळेच सुचलं होतं. नाशिकच्या धावपळीत एका ठिकाणी त्यांचं नाव एका स्पेलिंगने लागलं, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणी अजून वेगळ्या. आणि संगणकाच्या लेखी ती तीन माणसं झाली. मेंदूच्या फोटोचा रिपोर्ट एका भीमराजचा, रक्ताचा दुसऱ्याचा. ती खिडक्या-खिडक्यांवर सांगत फिरत होती, अहो, हे एकच आहेत, माझे वडील आहेत. पुढे कोपरगावात, अण्णा झोपलेले असताना, तिने एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिली तरी त्यामागचा माणूस ओळखणारा. तो तिने सगळ्यांसाठी खुला करून ठेवला. लोक वापरू लागले, चुका कळवू लागले, आणि एके दिवशी या परिषदेचं बोलावणं आलं. आठ-नऊ वर्षं नोकरी करूनही स्वतःचं म्हणून तिने जगापुढे काही ठेवलं नव्हतं. ऑफिसात तिला सगळे सत्या म्हणत. पूर्ण नाव कुणाला लागतही नसे. उद्या ते पूर्ण नाव पडद्यावर येणार होतं आणि त्या नावाखाली ती बोलणार होती. तालमीत ती बोललीच होती की: नमस्कार, माझं नाव सत्यशीला, मी गोदावरीकाठच्या एका लहान गावातून बोलतेय. इंग्रजीत, पण कोपरगावच्या इंग्रजीत. आणि मग पार्थने म्हैस विचारली होती.

तयारी तिच्यापेक्षा आईनेच जास्त केली होती. विमलबाईंनी सबंध गल्ली पालथी घातली. शेजारच्या सीमाताईंना मिक्सर लावायचा नाही म्हणून सांगितलं, पलीकडे फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला दुपारच्या वेळात कटर बंद ठेवायला लावलं, भंगारवाल्याला भोंगा न वाजवता जायचं बजावलं. प्रत्येकाला सांगताना त्या एकच वाक्य म्हणत, "आमच्या शीलाचं भाषन हाय, कंप्युटरवर," आणि ऐकणारा विचारी, "टीव्हीवर दिसंल का?" तर त्या म्हणत, "त्याच्यापरीस मोठं." दारावरच्या बेलची वायर त्यांनी काढून ठेवली. कुकर सकाळीच लावून टाकायचा ठरवला. सत्यशीलाला हे सगळं हसू आणणारं आणि थोडं दडपण आणणारंही होतं. आपण बोलणार ती वाक्यं या एवढ्या शांततेच्या लायकीची आहेत का, असं तिला वाटत राही. आणि तालमीच्या दिवशीच दुपारी भाजी निवडता निवडता, मान वर न करता आई म्हणाली, "चेतनला फोन केलाय म्या."

"कशाला?"

"उद्या सकाळी गाडी घिऊन यील. ह्यांना कोल्हारला न्हील. तुझी आत्या म्हनली, जेवायलाच पाठव, संध्याकाळी आनून सोडतो."

चेतन म्हणजे चांगुणाआत्याचा मुलगा. कोल्हारला नदीकडेच्या वस्तीवर त्यांचं घर. सत्यशीलाने विचारलं, तुला कुणी सांगितलं असं करायला? आई म्हणाली, "कोन सांगतंय? सकाळी तू कानाचं काढून ठिवलंस आन ह्यांच्याकडं बघितलंस. मला काय कळत न्हाई व्हय?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला पडत होती. सत्यशीलाला नाही म्हणता आलं असतं. जिभेवर तो शब्द आलाही होता. पण त्याच वेळी तिला दिसलं, आपण बोलतोय, समोर अनोळखी माणसांची नावं ओळीने लागलीत, आणि मध्येच अण्णांना ठसका लागतो, जसा कधी कधी लागतो, चेहरा काळानिळा होईपर्यंत. ही भीती खरी होती. तिच्या आडोशाला दुसरंही काहीतरी उभं होतं, आणि ते म्हशीच्या प्रश्नाने लाल झालेलं होतं. "बरं," ती म्हणाली. मधल्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मधे फक्त पडदा होता.

संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली आणि तिघं बुद्धवंदनेला बसले. पूर्वी अण्णा पुढे म्हणत आणि या दोघी मागून. आता आई म्हणते आणि अण्णा नुसते चालीबरोबर जातात. शब्द नाहीत, पण चाल अचूक. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, सगळं जागच्या जागी. सत्यशीला रोज ते ऐकत असे. त्या दिवशी तिला ते ऐकवेना. वंदना झाल्यावर ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. पार्थने दोन्ही रेकॉर्डिंग पाठवून ठेवली होती, आवाजाची पातळी कोणती ठेवायची ते कळवा म्हणून. तिने आधी नंतरचं ऐकलं. आवाज स्वच्छ होता, तिचाच होता, पण तो कुठल्याही घरात बसून बोललेला वाटत नव्हता. पोटातलं पाणीही न हलू देणाऱ्या मोटारीत बसावं आणि बाहेर काय आहे ते कळू नये, तसं. मग तिने आधीचं लावलं. पंखा, चिमण्या, भांडं घासल्याचा आवाज, लांबून ट्रॅक्टरवरचं गाणं. आणि ते ह्अं. पहिल्यांदा ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा ती ते किती मोठं येतंय हे पाहत होती. तिसऱ्यांदा मात्र तिचं लक्ष भलतीकडेच गेलं. ते वाटेल तेव्हा येत नव्हतं. नमस्कार, माझं नाव सत्यशीला. ह्अं. मी गोदावरीकाठच्या एका लहान गावातून बोलतेय. ह्अं. स्लाइड बदलायला ती थांबली होती तिथे काहीच नव्हतं. एक वाक्य ती अर्धं बोलून अडखळली होती, तिथेही नव्हतं. वाक्य पुरं झालं आणि मग ते आलं. तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

अण्णा तिला ड्यूटी संपल्यावर सायकलवरून घरी आणत. ती पुढच्या दांडीवर बसायची आणि शाळेत काय काय झालं ते सांगायची. कुणाची वही फाडली, कोणत्या बाई कुणाला रागावल्या, मधल्या सुट्टीत माकड आलं होतं. वाट नदीच्या कडेकडेने जायची. ती बोलायची आणि तिच्या डोक्याच्या वर, टाळूजवळ, प्रत्येक वाक्यानंतर त्यांचा हुंकार पडायचा. हं. हं. कधी ते दमलेले असत, चढावर श्वास लागलेला असे आणि हुंकार राहून जाई, की ती मागे कोपर मारून म्हणायची, "अण्णा, हुंकार द्या की." आणि ते म्हणायचे, "व्हय बाई, चुकलं. हुंकार न्हाई दिला तर गोष्ट वाट चुकती." ती इंग्रजीत बोलत होती आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी ते देत होते. त्यांना चाल कळत होती, वाक्य कुठे संपतं ते कळत होतं. आणि सबंध वर्षभर या घरात त्या आवाजाला पाणी देण्यात आलं होतं, चहा देण्यात आला होता, उठवून संडासापर्यंत नेण्यात आलं होतं.

ती उठून मधल्या खोलीत गेली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. ती त्यांच्या पायांशी खाली बसली आणि काय बोलावं ते न कळून म्हणाली, "अण्णा, पुण्यात आमच्या ऑफिसच्या खाली एक चहावाला होता." आणि थांबली. त्यांनी मान वळवली. थोडा वेळ गेला. "ह्अं," ते म्हणाले. "त्याच्याकडं एक मांजर होती, ती रोज त्याच्या गल्ल्यावर झोपायची." "ह्अं." "त्याला सुट्टे द्यायचे झाले तर तो आधी—" इथे ती मुद्दाम थांबली. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. भुवया थोड्या वर गेल्या. आवाज आला नाही. ते वाट पाहत होते. सत्यशीलाने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मांजरीचं पुढे काय झालं ते मात्र राहूनच गेलं. आईला हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर आई रडेल आणि मागचं सगळं वर्ष उकरून काढेल असं वाटून ती गप्प राहिली. आत्याने तर जेवणाचा बेत सांगितलेला होता, चेतन सुट्टी टाकून येणार होता. सकाळी बघू, असं तिने मनाशी म्हटलं.

सकाळी चेतन वेळेवर आला. तोंडभरून "मामा, चला, आई वाट बघतीय" म्हणाला. आईने अण्णांना आंघोळ घालून धुवट शर्ट चढवला होता. कुठे जायचंय हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. फक्त "वन्संकडं जायाचं" एवढंच. पण ते विरोध न करता उठले. एरवी गाडीत बसायचं म्हटलं की ते दाराशी अडत, पायाचा भरवसा नसे. आज स्वतःच पाय उचलून आत ठेवला. सत्यशीला पट्टा लावायला वाकली. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. गोदावरीवरून आलेला थंड वारा गल्लीत शिरला होता, आणि कुठूनतरी कारखान्याच्या मळीचा आंबूस वासही. त्यांच्या डोळ्यांत काही विनवणी असेल म्हणून ती बघायचं टाळत होती. शेवटी पाहिलंच, तर तसं काही नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला, तळवा पुढे करून दोनदा हलवला. केबिनच्या काचेतून ड्रायव्हरला जशी खूण करत तशी. सगळं आलं, गाडी सोडा. त्यांनी आपली आपणच गाडी सोडली होती.

"चेतन, थांब," ती म्हणाली. "बंद कर गाडी."

"काय झालं ताई?"

"अण्णा नाही येत."

आई उंबऱ्यावरून खाली आली. "आगं, पन तुझं भाषन—"

"घरातच होईल. ते बसतील माझ्याजवळ."

"आन आवाज झाला म्हंजी? परक्या लोकांत? हसतील लोकं."

"हसले तर मी सांगीन कोण आहेत ते." ती हे इतक्या मोठ्याने बोलली की सीमाताई दारात आल्या. मग ती आईजवळ गेली आणि हळू म्हणाली, "आई, ते पाणी मागत नाहीत गं. ते हुंकार देतात. मी बोलते ना, त्याला." विमलबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग गाडीतल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक उगाचच झटकलं. "उतरवा मंग," त्या म्हणाल्या. "हुबं काय ऱ्हायलाय?"

चेतनने आत्याला फोन लावला, तिकडून बोलणी खाल्ली, आणि म्हणाला, "आता आलोय तर मी बी थांबतो." मग त्याने आपणहून एक काम घेतलं. कारखाना चालू असल्यामुळे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून सारखे जात. तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, आणि येईल त्या ट्रॅक्टरवाल्याला हात करून "दादा, तेवढं गाणं बारीक कर" म्हणू लागला.

दुपारी ती पडद्यासमोर बसली. अण्णांची खुर्ची तिने आपल्या मागे, भिंतीशी ठेवली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिच्या खांद्यामागे ते अर्धे दिसत होते. पाठीमागचे आवाज काढून टाकणारा तो चौकोन तिने रिकामा करून टाकला. लगेच पार्थचा निरोप आला: मॅम, आवाजाचं फिल्टर बंद दिसतंय, चालू करू का? तिने लिहिलं, नको. काल तुम्ही ज्याबद्दल विचारलंत तो आवाज माझ्या वडिलांचा आहे. ते ऐकतात तेव्हा येतो. पार्थ काहीतरी लिहितोय असं बराच वेळ दिसत राहिलं. मग आलं: ओके मॅम. सॉरी. फिल्टर बंदच राहू द्या. आणि लगेच तिचं नाव पुकारलं गेलं. पूर्ण. पुकारणारी बंगळूरची होती. 'शी' ऱ्हस्व झाला आणि 'ला' लांबला, पण नाव पूर्ण आलं.

तिने सुरुवात केली. नमस्कार, माझं नाव सत्यशीला. मागे शांतता. मी गोदावरीकाठच्या एका लहान गावातून बोलतेय. शांतता. पंखा फिरत होता. तिने पहिली स्लाइड सरकवली, एका नावाची तीन रूपं, ठरवलेलं वाक्य म्हटलं, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. अण्णा ताठ बसले होते. डाव्या हाताने त्यांनी रुमालाचा बोळा तोंडावर धरला होता, घट्ट, आणि डोळे तिच्या पाठीवर होते. त्यांना सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले होते. पडद्याआडून आलेलं 'बरं' समजलं होतं, गाडी समजली होती. पुढचं वाक्य तिच्या मनातून निघून गेलं. तिने आठवून पाहिलं. ते नव्हतं. पडद्यावर ओळीने अनोळखी नावं होती आणि ती सगळी थांबली होती. मग ती खुर्चीतच मागे वळली. माईकला, कॅमेऱ्याला पाठ करून. "अण्णा," ती म्हणाली, "ते काढा तोंडावरचं. हुंकार द्या की. गोष्ट वाट चुकतीय माझी."

अण्णांचा हात हळूहळू खाली आला. रुमाल मांडीवर पडला. ती पुन्हा समोर वळली आणि इंग्रजीत म्हणाली, हे माझे वडील, भीमराज. पडद्यावरची तिन्ही नावं यांचीच आहेत. तुम्हाला मधून मधून त्यांचा आवाज येईल. आणि मागून, थोडा खरखरीत, उशिरा, पण जागेवर, ह्अं आला. त्यानंतर आपण काय काय बोललो ते तिला नंतर नीट आठवेना. नावं कशी फुटतात, कशी पुन्हा जुळवायची, प्रोग्राम कुठे फसतो, हे सगळं ती सांगत गेली; वाक्य संपे, हुंकार पडे, पुढचं वाक्य आपोआप पुढे उभं असे. शेवटी कुणीतरी प्रश्न विचारला, की दोन नावं एकाच माणसाची आहेत याची खात्री नसेल तेव्हा तुमचा प्रोग्राम काय करतो? ती म्हणाली, तो ठरवत नाही. तो थांबतो आणि माणसाला विचारतो. हे उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं. पण प्रोग्राम खरंच तेच करत होता. तिनेच तसं लिहिलं होतं.

लॅपटॉप मिटला तेव्हा दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेतनही गल्लीच्या तोंडावरून परत आला होता आणि "झालं का? हसलं का कोन?" म्हणून विचारत होता. कुणी हसलं नव्हतं. सत्यशीला खुर्ची वळवून अण्णांच्या समोर बसली. अण्णा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडाची हालचाल सुरू झाली होती. ओठ जुळत, सुटत. जबडा एका बाजूला जाई. गळ्याची शीर वर आली. "पानी पायजे?" आई पुढे आली. त्यांनी मान हलवली. नाही. "आत जायाचंय? पडायचंय का?" नाही. "दमलं असतील. चहा टाकू का वाईच?" सत्यशीलाने आईचं मनगट धरलं. "थांब," ती म्हणाली. "काही सुचवू नको." तिघंही थांबले. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, या वेळी गाण्यासकट, सबंध, शेवटची ट्रॉली वळेपर्यंत. अण्णांच्या कपाळावर घाम आला. सत्यशीलाला ते बघवत नव्हतं. शब्द आपणच पुरवावा, कुठलाही, आणि त्यांना यातून सोडवावं असं तिला वाटत होतं. तिने आईचं मनगट आणखी घट्ट धरलं. "जे," अण्णा म्हणाले. मग पुन्हा सगळं विस्कटलं, आणि त्यांनी पुन्हा जमवलं. "जे… जेव…" त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"जेवलीस?"

आई भिंतीला धरून खालीच बसली. सबंध वर्षात त्यांना काय हवंय एवढंच या घराने विचारलं होतं. त्यांनाही कुणाला काही विचारायचं असेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. सत्यशीलाने आठवून पाहिलं. सकाळपासून तिने खरंच काही खाल्लं नव्हतं.

"न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "अजून न्हाई."

अण्णांनी मान हलवली, बरोबर नाही हे, अशी. आईला काही उठवेना. शेवटी चेतनच स्वयंपाकघरात गेला, आणि आतून ताटल्या काढल्याचा आवाज येऊ लागला.